सुरश्री केसरबाई केरकर आणि उतारवयातला गळा

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र द्यावयाचे, हा आपल्या मंडळाचा रिवाज. शिवनेरीच्या सावलीत राहणाऱ्या आपण. तेव्हा जिजामातेपासून सुरुवात होणे ओघानेच आले. पुढे अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई झाल्या, रमाबाई झाल्या. यंदा एका गवईणीचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण गेल्या कार्तिकात घडले.

काकडआरतीला आपल्यात एक वडीलधाऱ्या बाई कितीतरी वर्षे पुढच्या ओळीत बसत आल्या. त्यांचा आवाज ऐकूनच आपल्यापैकी कित्येकजणी भजनाला येऊ लागल्या. गेल्या कार्तिकात त्या मागे खांबाला टेकून बसल्या. हातात टाळ तेवढा होता, तोंड मिटलेले. चौकशी करता कळले की, आवाज हलतो, लांब स्वर धरला की थरथरतो, आणि कोणी पोरीबाळी त्यावर हसल्या होत्या. बाईंनी कोणाला दोष दिला नाही. गाणे मात्र सोडले. घरी आल्यावर मला राहून राहून केसरबाईंची आठवण होत होती. हिंदुस्थानात त्या काळी ज्यांच्या स्वराला तोड नव्हती, त्यांनीही एक दिवस लोकांपुढे गाणे बंद केले. पण त्यांचे बंद करणे आणि आपल्या या बाईंचे बंद करणे यांत फरक आहे. तो सांगावा म्हणून हे चरित्र.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यात, फोंडे महालातील केरी या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. घराणे देवळाच्या सेवेतील कलावंतांचे. गाणे घरातच होते, पण त्या गाण्याबरोबर समाजाने दिलेली कमी लेखणारी नजरही होती. पुढील सारे आयुष्य बाईंनी त्या नजरेला नजर देऊन काढले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. आठ वर्षांच्या असताना त्या कोल्हापूरला आल्या व काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. परत गेल्यावर रामकृष्णबुवा वझे गोव्यात येत तेव्हा त्यांची तालीम मिळाली. सोळाव्या वर्षी आई व मामा यांच्यासह मुंबईस बिऱ्हाड केले. तेथे सतारिये बरकतुल्ला खाँ यांनी शिकविले, मध्यंतरी थोडे दिवस भास्करबुवा बखले यांनीही शिकविले. म्हणजे गुरू थोर थोर, पण एकाचीही तालीम सलग नाही. एका हाताने पाया भरावा आणि दुसऱ्याने भिंत उचलावी, अशातली गत. नाव होऊ लागले होते, बैठकी मिळत होत्या. बाईंचे समाधान मात्र होत नव्हते.

१९२१ साली त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला. तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. आपल्याकडे तिशी म्हणजे बाईचे शिकणे संपले असे धरून चालतात. बाईंनी त्या वयात सगळे पुसून पहिल्यापासून पाटी लिहायला घेतली. खाँसाहेब सहजी तयार झाले नव्हते. त्यांच्या अटी कडक होत्या, बिदागी मोठी होती, आणि शिकवणे चालायचे ते वर्षानुवर्षे. १९४६ च्या मार्च महिन्यात खाँसाहेब पैगंबरवासी झाले तोवर, म्हणजे पंचवीस वर्षे, हे शिष्यत्व चालले.

येथे खाँसाहेबांविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण आपल्या विषयाचे मूळ तेथे आहे. अल्लादिया खाँ तरुणपणी अत्यंत गोड, बारीक व चपळ गळ्याचे म्हणून ओळखले जात. रतलामजवळच्या अमलेटा नावाच्या लहानशा ठाण्यात ते नोकरीस असताना तेथील गानवेड्या धन्याच्या आग्रहाखातर त्यांना दिवसेंदिवस विश्रांतीवाचून गावे लागले आणि एके दिवशी आवाज बसला. तो दोन-चार दिवसांत सुटणारा बसणे नव्हे. फार काळ गळ्यातून धड स्वर निघेना. गवयाला याहून मोठे संकट ते कोणते! आवाज परत आला तेव्हा पूर्वीची गोडी गेली होती, जाडी व खरखर आली होती. दुसरा कोणी असता तर जुन्या गळ्याच्या आठवणीत कुढत बसता. खाँसाहेबांनी आहे त्या गळ्याला शोभेल अशी गायकीच नवी बांधली. आवाज मोकळ्या आकारात लावायचा, दम जपून वापरायचा, लयीच्या अंगाने स्वर गुंफीत जायचे, ताना पेचदार पण वजनदार ठेवायच्या. आज जिला जयपूर-अत्रौली घराणे म्हणतात ती गायकी अशा रीतीने एका मोडलेल्या आवाजातून उभी राहिली. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या पदरी असताना आणि पुढे मुंबईत ती नावारूपाला आली. हे मला नेहमी मोठे विलक्षण वाटते.

तीच विद्या केसरबाईंना मिळाली, आणि ती अशा गळ्याला मिळाली की जो मुळातच भरदार होता. सकाळी तंबोऱ्यावर बसायचे, षड्ज लावायचा आणि खर्जात उतरायचे. एकेक पलटा दिवसेंदिवस घोटायचा. गाताना हातवारे नाहीत, तोंड वेडेवाकडे करणे नाही. मांडी ठोकून ताठ बसायचे. पुष्कळांना हा बाईंचा दिमाख वाटे. हिऱ्यामोत्यांचे दागिने, भारी लुगडे, पाठीमागे तंबोरे, सारंगीवर मजीद खाँ, असा तो थाट होताही. पण ताठ बसण्यात दिमाखापेक्षा शहाणपण जास्त होते. पाठीचा कणा सरळ, खांदे सैल, हनुवटी जागच्या जागी. मग श्वास पोटापर्यंत जातो आणि गळ्यावर भार येत नाही. शिवाय बाजूला सारंगी. सारंगीचा स्वर गजाबरोबर सरळ रेषेत चाललेला असतो. त्याच्या शेजारी माणसाचा गळा केसभर हलला तरी झाकत नाही. अशा कसोटीवर बाई उणीपुरी चाळीस वर्षे गायल्या.

आता हे हलणे म्हणजे काय, ते पाहू.

आपल्या संगीतात स्वर हलवण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. दरबारीतील कोमल गांधार, भैरवातील कोमल ऋषभ-धैवत यांना आंदोलन देतात. गमक आहे, मींड आहे. पण ते सारे गवयाच्या हुकमतीत असते. हलवायचे तेव्हा हलवले, थांबवायचे तेव्हा थांबवले. विलायती गाण्यात स्वराला जवळजवळ सदोदित एक बारीक कंप ठेवण्याची रीत आहे, त्याला व्हायब्रेटो म्हणतात. निरोगी गळ्यात हा कंप सेकंदाला पाच ते सात वेळा होतो आणि तो इतका सारखा असतो की ऐकणाऱ्याला कंप न वाटता स्वराला तजेला आल्यासारखे वाटते. वय झाले की हाच कंप मंदावतो आणि रुंदावतो. सेकंदाला पाचाच्या खाली गेला आणि स्वर वरखाली जास्त झुलू लागला की कानाला एक स्वर न वाटता दोन स्वरांत हेलकावा वाटतो. आपण आवाज हलतो म्हणतो तो हाच. विलायतेतल्या गवयांनाही तो चुकलेला नाही, आणि तिकडेही उतारवयात त्यावर मेहनत घ्यावी लागते.

त्याला कारणे शरीराची आहेत, त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. गळ्यातील स्वरतंतू म्हणजे दोन लहानशा पडद्या. बाईच्या गळ्यात त्यांची लांबी जेमतेम बोटाच्या नखाएवढी. साधे बोलतानाही त्या सेकंदाला दोनशे वेळा एकमेकींना भिडतात. वयाबरोबर त्यांतील स्नायू झिजतो, कडा पुरत्या मिळत नाहीत, मधून वारा निसटतो. कंठातील कूर्चा हळूहळू कठीण होतात. बरगड्यांचा लवचीकपणा कमी होतो, म्हणून दम पुरत नाही. ओलावा कमी होतो. बायकांचा आवाज पन्नाशीनंतर थोडा खालीही उतरतो, पुरुषांचा मात्र म्हातारपणी किंचित वर चढतो. निसर्गाची ही गंमत सासू-सासऱ्यांचे बोलणे कान देऊन ऐकले तर घरोघर अनुभवाला येईल.

खरी चूक पुढे होते. आवाज निसटू लागला की आपण गळा आवळतो, मान पुढे काढतो, जोर करतो. जोराने तो अधिक हलतो. अधिक हलला म्हणून अधिक जोर. आपल्या भजनात याला आणखी एक कारण आहे व ते मी स्पष्टच लिहिते. पेटी बहुधा पुरुषांच्या सोयीने, काळी चार नाहीतर काळी पाच या पट्टीत लागते. तेथून अभंग चढला की साठीच्या बायकांना तारसप्तकात ओरडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एका भजनाच्या वेळी मी पट्टी दोन स्वरांनी उतरवण्याची विनंती केली, तर पेटीवाल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. पट्टी उतरवणे म्हणजे हार मानणे अशी एक समजूत आहे. वस्तुतः आपल्या शास्त्रीय संगीतात षड्ज कोणाच्या मालकीचा नाही. ज्याचा गळा, त्याचा षड्ज. वय वाढेल तसा गवई तंबोरा खाली मिळवतो आणि त्याला कोणी नावे ठेवीत नाही.

केसरबाईंच्या तालमीत जे होते तेच या दुखण्यावरचे औषध आहे, असे मला आवाजाच्या शास्त्राविषयी जे वाचावयास मिळाले त्यावरून वाटते. पहिली गोष्ट खर्जाची. पहाटे, घसा तापवण्यापूर्वी, खालच्या स्वरांत हलक्या आवाजात आकार लावायचा आणि श्वास संपण्याच्या आधीच सोडायचा. शेवटच्या थेंबापर्यंत पिळला की कापरे भरतेच. सुरुवातीला चार मोजेपर्यंत स्वर सरळ राहिला तरी पुष्कळ. आठवड्याने पाच, मग सहा. दुसरे, जबडा आणि जीभ सैल. जबडा थरथरत असेल तर हनुवटीला दोन बोटे लावून गावे म्हणजे लगेच कळते. तिसरे, स्वर लांब धरवत नसेल तर तो मींडेने दुसऱ्या स्वराकडे न्यावा, लयीत गुंफावा. एका जागी उभे राहून पाय कापत असतील तर दोन पावले चालावे, तसेच. खाँसाहेबांनी आपल्या मोडक्या गळ्याला हेच शिकवले होते. शिवाय हल्ली आवाजाचे उपचार करणारे एक सोपा व्यायाम देतात. पेल्यात बोटभर पाणी घ्यायचे, त्यात शरबताची नळी बुडवायची आणि नळीतून हळू हुंकारीत बुडबुडे काढायचे. ओठांशी वाऱ्याला अडथळा झाला की स्वरतंतूंवरचा ताण कमी होतो आणि बुडबुडे एकसारखे येतात की नाही यावरून श्वास एकसारखा आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. मी रोज पाच मिनिटे करते. नातवंडे हसतात, हसोत. पाणी भरपूर प्यावे, सारखे खाकरू नये, रात्री जेवून लगेच आडवे होऊ नये. आंबट ढेकर घशाशी येऊन आवाज बसतो. आणि तीन आठवड्यांवर घोगरेपणा राहिला, किंवा बोलतानाही आवाज व त्याबरोबर हात किंवा मान कापू लागली, तर काढे करीत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. सगळेच थरथरणे रियाजाने जाणारे नसते.

असो. चरित्राकडे वळू.

बाईंची कीर्ती देशभर झाली. रवींद्रनाथ ठाकुरांना त्यांच्या गाण्याची फार आवड होती. १९४८ साली कलकत्त्याच्या संगीतरसिकांनी त्यांना सुरश्री ही पदवी दिली आणि पुढे तीच नावाचा भाग झाली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ साली पद्मभूषण, व त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांना राज्यगायिका म्हणून गौरविले. मानसन्मानाची यादी येथेच आटोपते घेते. बाईंना स्वतःला त्याहून आपल्या अटी महत्त्वाच्या होत्या. ठरलेली बिदागी घेतल्यावाचून त्या गात नसत, बैठकीत कोणी कुजबुजले तर खपवून घेत नसत. ध्वनिक्षेपकावर त्यांचा राग होता. आवाज यंत्राने मोठा करावा लागला तर तो आवाज कसला, अशी त्यांची धारणा. ध्वनिमुद्रिका त्यांनी मोजक्याच दिल्या. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकड्यांत नटकामोद, ललितागौरी असे अवघड राग ऐकताना आजही थक्क व्हायला होते. एकही स्वर डळमळत नाही. घरात समईची ज्योत वारा नसताना उभी असते तसा तो उभा असतो.

स्वभाव करडा होता हे लपवण्यात अर्थ नाही. मोगूबाई कुर्डीकर याही खाँसाहेबांच्याच शिष्या, त्याही गोमंतकातल्या. परंतु दोघींत सख्य नव्हते असेच जुनी माणसे सांगत. बाईंनी विद्या मोकळ्या हाताने दिली नाही हाही आक्षेप घेतला जातो. मुलीला त्यांनी गाण्यात घातले नाही, शिकवून डॉक्टर केले. गाण्याने आपल्याला जे सोसायला लावले ते लेकीच्या वाट्याला नको, असा त्यात विचार असावा असे मला वाटते, आणि आई म्हणून तो मला समजतो. मात्र एवढी विद्या घरात वारसावाचून राहिली याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

१९६३-६४ च्या सुमारास, वयाच्या एकाहत्तर-बहात्तराव्या वर्षी, केसरबाईंनी जाहीर बैठकी बंद केल्या. आवाज गेला म्हणून नव्हे. तो पूर्वीसारखा राहणार नाही हे त्यांच्या कानाला इतरांच्या आधी कळले, आणि लोकांच्या कानात जो स्वर आहे तोच राहावा अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. नटांना, गवयांना, पुढाऱ्यांनाही हे जमत नाही. नटसम्राट बालगंधर्वांसारखा देवदुर्लभ गळा. पण उतारवयात परिस्थितीने त्यांना गातच राहावे लागले आणि प्रेमाने ऐकणाऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी येई. बाईंनी हिशेब आधीच नीट ठेवला होता, म्हणून थांबणे त्यांच्या हातात राहिले. पैशाच्या बाबतीत बाई कडक होत्या म्हणून नावे ठेवणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी.

येथेच मला तो फरक दिसतो. बाईंनी व्यासपीठ सोडले, तंबोरा सोडला नाही. त्याच काळात त्यांनी कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांना शिष्या म्हणून पत्करले. आयुष्यभर कोणाला जवळ न करणाऱ्या बाई म्हातारपणी शिकवायला बसल्या. शिकवायचे म्हणजे स्वर लावून दाखवावाच लागतो, मग तो पूर्वीच्या तेजाचा असो वा नसो. धोंडूताईंनी ती विद्या २०१४ साली निधन होईपर्यंत जपली व पुढे दिली. लोकांपुढे मिरवण्याचा आवाज वेगळा, आणि मुलीच्या कानात घालण्याचा वेगळा. दुसऱ्याला कापरे भरले म्हणून काही बिघडत नाही.

आपल्या दोन तालुक्यांत याचे दाखले कमी नाहीत. भीमाशंकरच्या अंगाला आवणीच्या दिवसांत भातखाचरात जी गाणी उठतात, ती पाठ आहेत म्हाताऱ्यांना. तरुण सुनांना निम्मी येतात. नारायणगावात विठाबाईंनी कनातीतल्या हजारो माणसांपुढे गळा लावला, तो गळा घडला वडीलधाऱ्यांच्या फडात, त्यांचे ऐकून ऐकून. विठाबाई २००२ साली गेल्या. जात्यावरच्या ओव्या तर आता जातेच नाही म्हणून थरथरत्या गळ्यांतच तेवढ्या उरल्या आहेत.

केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत वारल्या. त्याच्या अकराच दिवस आधी, ५ सप्टेंबरला, अमेरिकेने व्हॉयेजर नावाचे यान आकाशात सोडले. त्याचे जुळे यान २० ऑगस्टलाच निघाले होते. दोन्ही यानांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पृथ्वीवर माणसे राहतात व ती गातात हे कोणाला कळायचे झाले तर कळावे, म्हणून तीत देशोदेशीचे संगीत भरले आहे. हिंदुस्थानातून एकच चीज घेतली, ती केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. पहिले यान २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून पलीकडे गेले. केरीला बाईंच्या घराच्या जागी आता त्यांच्या नावाची शाळा आहे, आणि त्यांचे जन्मघर तेथून जवळच उभे आहे.

आपल्या त्या बाईंकडे मी दिवाळीनंतर दोनदा जाऊन आले. पेटीवाल्यांशीही बोलणे झाले आहे. या खेपेस त्यांनी ऐकले. काकडआरतीला बायकांच्या अभंगापुरती पट्टी काळी दोन राहील. बाईंनी पुढच्या ओळीत बसण्याचे अजून कबूल केलेले नाही. मात्र दर गुरुवारी दुपारी त्यांच्या ओटीवर चार मुली जुन्या चाली शिकायला बसतात, त्यांत हसणाऱ्यांपैकी एक आहे. आणखी कोणाला यावयाचे असल्यास तीन वाजेपर्यंत यावे. वही आणावी, भ्रमणध्वनी बंद ठेवावा. त्याबाबतीत बाई केसरबाईंइतक्याच कडक आहेत.